मुलाचा ‘ताबा’ मिळालेल्या एका आईचं फॅमिली कोर्टाला खुलं पत्र

प्रति,
मा. मुख्य न्यायमूर्ती, मुंबई उच्च न्यायालय,
राज्यातल्या सगळ्या कौटुंबिक न्यायालयांचे न्यायाधीश साहेब, मॅडम आणि समुपदेशक,
आणि विधी व न्याय विभागात ज्यांच्या टेबलावर हे येऊन पडेल ते सगळे,

सादर नमस्कार.

आधीच सांगून टाकते, हे केस हरलेल्या बाईचं रडगाणं नाही. कोर्टाच्या भाषेत मी जिंकलेली पार्टी आहे. मुलगा पहिल्या दिवसापासून माझ्याकडे, अंतरिम ताबा माझ्याकडे, शाळा माझ्या घरापासून दहा मिनिटांवर, आधारकार्डावर पत्ता माझा. अशी पत्रं बहुतेक वेळा ज्यांना मूल भेटत नाही ते बाप लिहितात आणि ती वाचून आम्ही बायका म्हणतो की हो, पण हा घरी कसा वागायचा ते नाही सांगणार. म्हणून म्हटलं या बाजूने पण कुणीतरी लिहावं. आमच्या केसमध्ये तुमच्या कोर्टाच्या उशिराचा फायदा मलाच झाला, मी तो समजून उमजून घेतला, आणि भुर्दंड पडला माझ्या पोराला.

जून २०२१ मध्ये मी पाच वर्षांच्या मुलाला घेऊन माहेरी आले. मारहाण नव्हती. हे मुद्दाम लिहिते कारण जिच्या घरी ती असते तिची गोष्ट वेगळी आहे, त्यावर पुढे येतेच. आमच्याकडे होती ती रोजची धुसफूस, त्याचं न सांगता काढलेलं कर्ज, सासूबाईंची टोचणी, माझी नोकरी आणि कोविडमध्ये दोन खोल्यांत चोवीस तास एकमेकांची तोंडं. मी घटस्फोटाचा अर्ज टाकला, त्याने मुलासाठी डी पिटिशन टाकली. ज्यांनी कोर्टाची पायरी चढलेली नाही (आणि देव करो चढायला लागू नये) त्यांच्यासाठी सांगते, आमच्या इथे ए म्हणजे लग्न मोडायची, डी म्हणजे मुलाची, ई म्हणजे पोटगीची आणि एफ म्हणजे दोघांच्या संमतीची. घर एकच पण फायली तीन, आणि प्रत्येक फाईलची तारीख वेगळी.

डी पिटिशनमध्ये त्याने भेटीचा अंतरिम अर्ज दिला होता. अडीच पानांचा. मागणी काय तर आठवड्यातून एकदा मुलाला भेटू द्या. आता बघा काय झालं. पहिली तारीख नोटीस बजावण्यात गेली, दुसऱ्या तारखेला आमच्या वकिलांनी वकीलपत्र दाखल केलं, मग आमचा से, म्हणजे लेखी उत्तर, द्यायला वेळ, मग परत से द्यायलाच वेळ, मग साहेब रजेवर, मग समुपदेशकांकडे पाठवलं तिथे तीन बैठका आणि रिपोर्ट फायलीला लागायला दोन महिने, मग मे महिन्याची सुट्टी, मग साहेबांची बदली आणि नव्या मॅडमनी फाईल पहिल्या पानापासून वाचायला घेतली. मॅडमना मी दोष देत नाही, त्या दिवशी बोर्डावर ५० च्या वर मॅटर होती, दाराबाहेर लावलेल्या कागदावर मी स्वतः मोजली होती, दुसरं काम काय होतं मला तिथे. मग युक्तिवाद, मग ऑर्डरसाठी तारीख, मग ऑर्डर टाईप व्हायची आहे. एकूण बावीस महिने. अडीच पानांच्या अर्जाला.

या बावीस महिन्यांत मी काय केलं? काहीच नाही, तीच तर खरी गंमत आहे. मला काही करावंच लागलं नाही. आमचे वकील सज्जन माणूस आहेत, फी पण बेताची घेतात, पहिल्याच महिन्यात त्यांनी मला शांतपणे विचारलं, "ताई, मूल तुमच्याकडे आहे ना? मग घाई कुणाला?" या एका वाक्यात तुमचं अख्खं फॅमिली कोर्ट आलं. ज्याच्याकडे मूल आहे त्याने गप्प बसायचं, तारखा घ्यायच्या, से उशिरा द्यायचा. एका वर्षानंतर आपोआप म्हणता येतं की मूल आता इथे रुळलंय, शाळेत रमलंय, वडिलांना ओळखतही नाही, आता कशाला त्याला हलवता. म्हणजे भेट होऊ द्यायची नाही आणि भेट झालेली नाही हेच कारण पुढे करायचं. माझ्या से मध्ये हे वाक्य जसंच्या तसं आहे, निशाणी नंबरसकट (कोर्ट प्रत्येक कागदावर टाकतं तो) दाखवू शकते.

त्याच्या बाबाचे फोन यायचे. मी कधी नाही म्हटलं नाही हो, मी म्हणायचे झोपलाय, क्लासला गेलाय, जेवतोय, नंतर करते. नंतर कधी आलंच नाही. आई म्हणायची बरोबर करतेस, मामा म्हणायचा जरा तंगवायला पाहिजे त्याला. आणि मला पण बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू.

पहिली भेट झाली एप्रिल २०२३ मध्ये, तिसऱ्या शनिवारी, दुपारी २ ते ४, कोर्टातल्याच मुलांच्या खोलीत. त्या खोलीबद्दल काय सांगू. भिंतीवर जंगलातले प्राणी रंगवलेत, हत्तीचा रंग खालून पोपडे धरून गेलाय, कॅरम आहे पण स्ट्रायकर नाही, एक घोडा आहे ज्याचा कान तुटलाय, आणि दारात रजिस्टर घेऊन बसलेल्या बाई, ज्या सही घेतात आणि वेळ टाकतात. बाहेरच्या बाकावर मी, माझ्या पर्समध्ये पाण्याची बाटली आणि पोटात गोळा.

तो आला पंधरा मिनिटं आधीच, इस्त्रीचा शर्ट घालून, जसा मला बघायला आला होता तसाच. हातात पिशवी. मुलगा आत गेला आणि लांब उभा राहिला. मग त्याने पिशवीतून सँडलचा खोका काढला. ११ नंबरचे. शेवटचे त्यानेच घेतलेले होते तेव्हा १० लागायचा, म्हणून अंदाजाने एक नंबर मोठा आणला होता. लहान मुलांच्या पायताणाचे नंबर तेरापर्यंत जातात आणि मग परत एकपासून सुरू होतात, माझ्या मुलाला तोपर्यंत १ लागायला लागला होता. म्हणजे ११, १२, १३ असे सगळे नंबर त्याचा पाय ओलांडून गेला होता आणि बापाला पत्ता नव्हता. खाली बसून तो घालायचा प्रयत्न करत होता, टाच बाहेर राहत होती. आणि मुलगा म्हणाला, "राहू द्या, तुम्हाला माहीत नव्हतं ना."

राहू द्या. तुम्हाला.

मराठी माणसाला हे वेगळं समजवायला नको. आमच्या घरात बाबाला अरे-तुरे होतं. "बाबा तू ये ना", "बाबा तू घोडा हो". बावीस महिन्यांत माझ्या मुलाने बापाला अहो-जाहो करायला सुरुवात केली, जसं शेजारच्या काकांना करतो तसं, कुणी शिकवलं नव्हतं, मी तर नाहीच नाही. काचेच्या दारातून मी त्याचं तोंड बघितलं. कितीही भांडलो असलो तरी ते तोंड मी त्याच्यासाठी मागितलं नव्हतं.

तर साहेब, मॅडम, आता मुद्द्यावर येते. ‘ताबा’ हा शब्द बघा ना आधी. प्लॉटचा ताबा, फ्लॅटचा ताबा, दुकानगाळ्याचा ताबा आणि मुलाचा ताबा. जमिनीच्या केसमध्ये कसं असतं, ज्याचा ताबा आहे तो खूश, केस वीस वर्षं चालली तरी त्याला फरक पडत नाही, पीक तोच घेतोय. तुमच्याकडे मुलांच्या केसेस तशाच चालतात. फरक एवढाच की जमीन वीस वर्षांनी पण जमीनच असते, मूल अठराचं झालं की केसच संपते. निकाल न देताच निकाल लागतो.

आणि कायदा काय आहे आपल्याकडे? पालक व पाल्य कायदा, १८९० चा. तेव्हा टिळक तेहतीस वर्षांचे होते. मी जुना म्हणून नावं ठेवत नाही, त्यातलं कलम १७ चांगलं आहे, मुलाचं कल्याण बघा म्हणतं, मूल समजतं असेल तर त्याची पसंती विचारात घेता येईल म्हणतं. पण किती दिवसांत बघा ते कुठे नाही. ज्या इंग्रजांनी हा कायदा केला त्यांनीच स्वतःच्या देशात १९८९ च्या चिल्ड्रन अ‍ॅक्टमध्ये पहिल्याच कलमात लिहून ठेवलं की मुलाबाबतच्या प्रश्नात उशीर हाच मुलाच्या हिताला बाधक असतो असं कोर्टाने धरून चालावं. त्याच १९८९ साली पुण्यात आणि मुंबईत आपली फॅमिली कोर्टं सुरू झाली. त्यांनी उशिरावर कलम लिहिलं आणि आपण उशिरासाठी इमारत बांधली, असं माझा भाऊ म्हणतो, तो जरा तिरकस आहे, पण मला त्या दिवशी खोडून काढता आलं नाही.

अजून एक गोष्ट, जी मला माझ्याच वकिलांनी सहज बोलता बोलता सांगितली आणि माझी झोप उडाली. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २६ मध्ये २००१ साली दुरुस्ती झाली, की केस चालू असताना मुलाच्या पालनपोषणाचा आणि शिक्षणाचा अर्ज नोटीस बजावल्यापासून शक्यतो ६० दिवसांत निकाली काढायचा. फार चांगलं. ते ६० दिवस पाळले जातात का ते सोडा, निदान कागदावर आकडा आहे. पण त्याच कलमात ताबा पण येतो, आणि त्याला हा ६० दिवसांचा नियम लावलेलाच नाही. म्हणजे वह्या-पुस्तकांच्या पैशाला मुदत आहे आणि बाप बघायला मुदत नाही. कायदा करणाऱ्यांच्या मनात काय होतं कुणास ठाऊक, बहुतेक काहीच नव्हतं, विसरले असतील.

वर सुप्रीम कोर्ट तर किती सुंदर सुंदर बोलून गेलंय. १९७३ मध्ये रोझी जेकबच्या केसमध्ये सांगितलं की मुलं म्हणजे आईबापाच्या मालकीच्या वस्तू नव्हेत की खेळणी नव्हेत. २०१७ मध्ये विवेक सिंग विरुद्ध रोमानी सिंगमध्ये मुलाचं मन एका पालकाविरुद्ध कलुषित होणं यावर सविस्तर लिहिलं, तिथे मूल बापाकडे होतं आणि आई लांब पडली होती, म्हणजे हे फक्त बायकाच करतात असं कुणी समजू नये. आणि जानेवारी २०२० मध्ये यशिता साहूच्या निकालात तर सांगितलं की ज्याच्याकडे ताबा नाही त्याला रोज ५ ते १० मिनिटं मुलाशी बोलता यायला हवं, शक्यतो व्हिडिओ कॉलवर. रोज! माझं वेगळं होणं त्या निकालानंतर दीड वर्षाने झालं. बावीस महिन्यांत एकाही तारखेला त्या दहा मिनिटांचा विषय कुणी काढला नाही, ना त्याच्या वकिलाने, ना आमच्या, ना कोर्टाने. दिल्लीतला निकाल आमच्या कोर्टरूममध्ये सकाळी अकराच्या पुकाऱ्याला पोचतच नाही हो.

म्हणून माझी मागणी मोठी नाही. नवीन कायदा करा, संसदेत जा, असं मी म्हणतच नाही, कारण ते होणार नाही. लॉ कमिशनचा २५७ वा अहवाल मे २०१५ मध्ये आला, त्यात आई-बाप दोघांना सारखं नैसर्गिक पालकत्व, मुलाच्या हिताचं असेल तिथे संयुक्त ताबा, मध्यस्थी, भेटीची तत्त्वं, सगळं आहे, कायद्यात घालायचा मसुदा पण जोडलाय. तो तिथेच आहे. तुम्हाला मात्र कुणाची वाट बघायची गरज नाही. १९८४ च्या फॅमिली कोर्ट कायद्यात कलम १० मध्ये कोर्टाला स्वतःची पद्धत ठरवता येते आणि कलम २१ मध्ये हायकोर्टाला नियम करता येतात. मुद्दाम वाचून बघितलंय. वकिलाची पण तिथे हक्काने नाही, परवानगीनेच एन्ट्री आहे, कलम १३, तुमच्या इमारतीत फिरताना हे खरं वाटत नाही ती गोष्ट वेगळी.

तर नियम एवढाच करा. मुलाचा विषय ज्या फायलीत आहे ती दाखल झाली की ३० दिवसांच्या आत भेटीची पहिली तात्पुरती ऑर्डर झालीच पाहिजे. घटस्फोट कधी का होईना, से येवो न येवो, बदली होवो. चुकीची झाली तर पुढच्या महिन्यात बदला. पण मुलाने आणि दुसऱ्या पालकाने एकमेकांना बघणं थांबता कामा नये. से आला नाही तर से शिवाय ऑर्डर. तुम्ही एकदा हे सुरू केलं ना की "घाई कुणाला" हे वाक्य वकिलांच्या तोंडातून आपोआप जाईल, कारण थांबण्यात फायदाच उरणार नाही.

आता ती मारहाणीची गोष्ट. मला माहीत आहे हे वाचून काही जणी म्हणतील की ही बाई बापांची वकिली करते. माझ्या ऑफिसमधल्या एकीचं सांगते. तिचा नवरा पिऊन मारायचा, मुलीसमोर. त्याला भेटीची ऑर्डर मिळाली बिल्डिंगच्या गेटवर मुलगी घ्यायची-सोडायची, आणि दर रविवारी तो तिथे येऊन तमाशा करायचा, वॉचमन मध्ये पडायचा. जागा बदलून मागायचा तिचा अर्ज किती दिवस पडून होता माहितीये? सात महिने. म्हणजे उशीर तिच्याही मुळावर आला. घाई दोघींना हवी आहे, मला मुलाला बाप भेटावा म्हणून आणि तिला बाप नीट देखरेखीखाली भेटावा म्हणून, किंवा भेटूच नये म्हणून. २००५ च्या घरगुती हिंसाचार कायद्यात कलम २१ मध्ये मॅजिस्ट्रेटला घातक असेल तर भेट नाकारता येते, चांगलंच आहे, पण ती फाईल दुसऱ्या कोर्टात, दुसऱ्या इमारतीत, आणि इकडच्या साहेबांना तिकडची ऑर्डर कुणीतरी झेरॉक्स काढून आणून दाखवावी लागते. ते तरी जोडा एकमेकांना. आणि त्याच तीस दिवसांत हिंसेचा प्राथमिक निवाडा पण करा, आरोप खरा दिसला तर भेट समुपदेशकासमोर किंवा नाहीच, उगाच केलेला दिसला तर तसं रोजनाम्यात, म्हणजे केसच्या तारखेच्या नोंदीत, स्पष्ट लिहा. लोंबकळत ठेवलेला आरोप खऱ्या बाईला पण मारतो आणि खोट्या बाईला हत्यार देतो.

आणि एक, निम्मं-निम्मं वाटून द्या असं मी म्हणत नाही. काही पुरुष मंडळींचे मेसेज फिरतात की कायद्यानेच पन्नास-पन्नास टक्के करा. मूल म्हणजे वडिलोपार्जित घर नाही मधोमध भिंत घालायला. ऑस्ट्रेलियाने २००६ मध्ये दोघांची जबाबदारी समान असं आधीच गृहीत धरायचा नियम कायद्यात घातला होता, लोकांनी त्याचा अर्थ वेळ समान असा लावला, आणि मे २०२४ पासून त्यांनी तो काढूनही टाकला. प्रत्येक घराचं वेगळं असतं. रात्रपाळीचा बाप, दोन वर्षांचं अंगावर पिणारं मूल, दुसऱ्या शहरात बदली झालेली आई, याला एकच माप कसं चालेल.

मे महिन्याबद्दल बोलल्याशिवाय मला राहवत नाही. शाळेला सुट्टी मे मध्ये, कोर्टाला सुट्टी पण मे मध्येच. सुट्टीतली निम्मी भेट मागायचा अर्ज फेब्रुवारी-मार्चमध्ये पडतो, से एप्रिलमध्ये, आणि मग पुढची तारीख जूनमध्ये. जूनमध्ये पुकारा झाला की आमच्या वकिलांनी उभं राहून म्हणायचं, "अर्ज निरर्थक झाला आहे, सुट्टी संपली." हे आमच्याकडे लागोपाठ दोन वर्षं झालं. दिवाळीचं तेच, गणपतीचं तेच, अर्ज दाखल होईपर्यंत विसर्जन. अहो, दिवाळी कधी आहे हे कॅलेंडरवर दोन-दोन वर्षं आधी छापलेलं असतं! पहिल्या तात्पुरत्या ऑर्डरमध्येच वर्षभराचं लिहून टाका की मे मधले पहिले पंधरा दिवस इकडे, पुढचे तिकडे, दिवाळीचा पाडवा एका वर्षी याच्याकडे पुढच्या वर्षी त्याच्याकडे, वाढदिवसाला दुसऱ्याला दोन तास. एक छापील फॉर्म करा, रकाने भरा, दोघांच्या सह्या घ्या. रेशनकार्डाला फॉर्म असतो, मुलाला का नसावा.

पैशांचं पण थोडक्यात. पोटगी थकली म्हणून भेट बंद आणि भेट नाही म्हणून पोटगी बंद, हा बाजार दोन्हीकडून चालतो, मी पण केलाय, त्याने पण केलाय. आमच्या ई पिटिशनची तारीख आणि डीची तारीख दोन वेगळ्या आठवड्यांत, त्यामुळे एकाची गोष्ट दुसऱ्याला कळतच नाही. रजनीश विरुद्ध नेहा हा पोटगीचा गाजलेला निकाल, नोव्हेंबर २०२० चा, आपल्या नागपूरच्या फॅमिली कोर्टातून वर गेलेला, त्यात दोघांनी उत्पन्न-मालमत्तेचं प्रतिज्ञापत्र द्यायचं ठरवून दिलंय. ते निदान आता मागतात. तसं मुलाच्या दिनक्रमाचं पण एक प्रतिज्ञापत्र घ्या ना, शाळा किती वाजता सुटते, दुसऱ्या पालकाला शेवटचं कधी भेटलं, फोन किती वेळा झाला, पायात कितवा नंबर लागतो. हो, हे पण विचारा.

भेट कोर्टाच्या इमारतीत ठेवणं हा शेवटचा उपाय असायला हवा, पहिला नाही. जिथे मुलाच्या आईबापांचं लग्न मोडतं त्याच मजल्यावर मुलाने खेळायचं? माझा मुलगा शाळेत सांगायचा, "शनिवारी मला कोर्टात जायचंय", आणि त्याच्या एका मित्राने विचारलं, "तू काय चोरी केलीस का?" बाग आहे, वाचनालय आहे, आत्याचं घर आहे. आणि कोर्टातच ठेवायची असेल तर समुपदेशक तरी पुरेसे द्या, एकाच बाईंनी किती जोडप्यांचं ऐकायचं आणि किती मुलांवर लक्ष ठेवायचं. आमच्या समुपदेशक बाईंनी दुसऱ्याच भेटीत त्याला चिठ्ठी पाठवली होती, पुढच्या वेळी सँडल नको, मुलाला विचारून ये त्याला काय लागतं. आमच्या केसमध्ये ऑर्डरपेक्षा त्या चिठ्ठीचा जास्त उपयोग झाला. हात जोडून सांगते, जागा भरा त्यांच्या.

मुलाशी चेंबरमध्ये बोलता तेव्हा एक प्रश्न नका विचारू, "तुला कुणाकडे राहायचं?" माझ्या मुलाला विचारला होता. बाहेर आल्यावर तो दोन दिवस जेवला नाही नीट. तिसऱ्या दिवशी रात्री म्हणाला, मी तुझं नाव सांगितलं कारण तू बाहेर बसली होतीस. हे ऐकून आनंद व्हायला पाहिजे होता ना मला?

ऑर्डर मोडली तर काय, याचंही कुठेतरी ठरवा. आज काय होतं, भेट बुडवली की दुसऱ्याने अवमानाचा अर्ज करायचा, मग त्याचा से, मग त्याची तारीख, परत तेच चक्र. एवढा मोठा हातोडा कुणी उचलत नाही म्हणून छोटे गुन्हे रोज होतात. बुडालेली भेट पुढच्या आठवड्यात दुप्पट, दुसऱ्यांदा बुडाली तर कोर्टाचा खर्च, तिसऱ्यांदा बुडाली तर दोघांना समोर बसवून विचारणा. आणि घ्यायला येतो म्हणून न येणाऱ्या बापालाही तोच नियम, कारण दारात बूट घालून, पाठीला सॅक लावून सहा वाजेपर्यंत बसलेलं पोर बघितलंय मी, आमच्या शेजारी.

तालुक्यातल्या लोकांचं तर विचारूच नका. कायद्याने दहा लाखांवरच्या शहरांना फॅमिली कोर्ट, बाकी ठिकाणी सरकारला वाटलं तर. माझी मामेबहीण तालुक्याच्या दिवाणी कोर्टात जाते, तिचं मूल आणि शेताच्या बांधाची केस एकाच बोर्डावर असते. समुपदेशक नाही, खोली नाही, भेट होते एसटी स्टँडवरच्या कँटीनमध्ये.

आणि कागदपत्रं. शाळा म्हणते वडिलांना प्रगतीपुस्तक दाखवायचं तर आईचं पत्र आणा, पासपोर्टला दोघांची संमती, बँकेत अजून विचारतात वडिलांची सही कुठेय. लेखिका गीता हरिहरन बाई रिझर्व्ह बँकेशी याच सहीवरून भांडल्या आणि १९९९ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की मुलाचं पालक कोण हे सांगणाऱ्या १९५६ च्या हिंदू कायद्यातलं ‘वडिलांनंतर आई’ म्हणजे वडील मेल्यावरच असं नाही. महाराष्ट्र सरकारने १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचं नाव लावायचं केलंय, बरं केलं. माझा मुलगा त्याआधीचा. खिडकीतल्या माणसाला हे सगळं सांगत बसायचं का मी? तुमच्या ऑर्डरमध्येच दोन ओळी टाकत जा, शाळेने दोघांना माहिती द्यावी, आजारपणात दोघांना कळवावं, कोणत्या कागदावर कुणाची सही चालेल. दोन ओळी.

माझ्यासारख्या बायकांना वेगळं काही लिहीत नाही. तुम्हाला माहितीये आपण फोन उचलून काय काय सांगतो ते.

आता आमचं. मुलगा दहाचा झालाय. गेली दोन वर्षं एक आड एक शनिवार-रविवार बाबाकडे राहतो, कोर्टाने सांगितलं त्याहून जास्तच, आमचं आमचं ठरवून. अहो-जाहो पूर्ण गेलेलं नाही. रागावला की तू म्हणतो, लाडात आला की तू म्हणतो, पण सकाळी पहिल्यांदा बोलतो तेव्हा अजून तुम्हीच येतं तोंडात, मग स्वतःच सुधारतो. डी पिटिशन चालूच आहे, अ‍ॅपवर केसचा नंबर टाकला की पुढचा टप्पा ‘पुरावा’ दाखवतं. मे महिन्याच्या भेटीचा यंदाचा अर्ज त्याने जानेवारीतच टाकला होता, मी से पहिल्याच तारखेला दिला, "हरकत नाही", दोन शब्दांचा, आमचे वकील माझ्याकडे बघतच राहिले. तरी ऑर्डरची तारीख पडलीये जूनच्या दुसऱ्या आठवड्यातली.

ती फाईल राहू दे तुमच्याकडे. आम्ही ठरवलंय, १ तारखेला सकाळी तो न्यायला येणार आहे, पोहायचा चष्मा आणि टॉवेल मी बॅगेत भरून ठेवलाय.

कळावे,
एक आई